दयारामच्या घरचं पाणी

नेपियर टाउन, जबलपूर
१२ जानेवारी १९८७

प्रिय जया,

तुझं पत्र पोचलं. तिळगूळ मात्र बहुधा टपाल खात्यानेच खाल्ला. पुडी फाटलेली आणि आत चार दाणे. तेवढ्यावर मी गोड बोलावं अशी अपेक्षा असेल तर बघ बाई, प्रयत्न करते.

बाबांचं विचारलंस. ते आता मंत्री नाहीत, आमदार नाहीत, पंच्याऐंशीत तिकीट कापल्यापासून पक्षातही नाहीत. मला वाटलं होतं, आता घर शांत होईल. कसलं काय! पूर्वी माणसांची गर्दी होती, आता बाटल्यांची आहे. आईची लोणच्याची फळी त्यांनी बळकावली. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: रिछाईचा नाला, ग्वारीघाटची पायरी, दयारामची विहीर. कामवाल्या बाईने एक बाटली सरबताची समजून आवरून ठेवली, तर दिवसभर घर डोक्यावर घेतलं. नेपियर टाउनातले लोक हसतात. 'भाऊसाहेब वैरागडे आजकाल पानी तौलते हैं,' म्हणतात.

मीही हसायचे. आता हसू येत नाही. भोपाळच्या त्या डिसेंबरात बाबा तिथेच होते, हे तुला माहीत आहे. परत आले ते जुन्या फायली काढून बसले. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "इंदू, उद्योगमंत्री म्हणून मी जिथं जिथं कोनशिला बसवली, तिथं तिथं आता जाऊन पाहायला पाहिजे." आणि पहिली कोनशिला कुठली, तर रिछाईतला तो बॅटरीचा कारखाना. तुझ्या बाबांना पहिल्या तुकडीत त्यांनीच लावलं, मागाहून तुझ्या भावाला, मुरलीधरलाही. तेव्हा पेढे तुम्हीच वाटले होते.

जया, त्या कारखान्याचं पाणी नाल्यात जातं आणि नाला तुमच्या विहिरीच्या अंगाने जातो. प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे. विहिरीत शिसं आहे. रंग नाही, वास नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. येत्या रविवारी बाबा वस्तीत जाऊन हे सांगणार आहेत. मी म्हटलं, आधी दयारामकाकांना घरी बोलवा, त्यांच्याशी बोला. तर म्हणाले, "त्या वस्तीत मी तीस वर्षं स्वतःच्या तोंडानं बोलून राहिलो. आता मधात दलाल कायले पाहिजे?"

तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
इंदू


नागपूर
२ फेब्रुवारी १९८७

कु. इंदिरा वैरागडे यांस,
जयभीम.

मुरलीधरचं पत्र आलं. आईने सांगितलं तसं त्याने लिहिलं आहे. मी ते तीनदा वाचलं, कारण आधी विश्वासच बसेना.

सत्तावन्न सालची निवडणूक तुला आठवत असेल. आपण दोघी आठ वर्षांच्या होतो. राज्यांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि माझे बाबा नागपूरला दीक्षा घेऊन नुकतेच परतले होते. तुझे बाबा तेव्हा पुंडलिकराव होते, भाऊसाहेब नव्हते. आमच्या दारात आले आणि म्हणाले, "दयाराम, पाणी पाज." वस्तीतलं एक माणूस हललं नाही. तुमच्या जातीतलं कुणी आमच्या घरी पाणी प्यायलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. आईने पितळेचा गडवा दिला, आणि तुझ्या बाबांनी तो तोंडाला लावून रिकामा केला. तुझं-माझं बोलणं त्या दिवसापासून सुरू झालं. पुढे प्रत्येक निवडणुकीत ते नारळ फोडायच्या आधी आमच्या घरचं पाणी प्यायले. आई तो गडवा एरवी वापरत नाही. चिंचेने घासून फळीवर ठेवते.

त्या रविवारी तिने तोच गडवा पुढे केला. तुझ्या बाबांनी हात आडवा केला. "नको, चंपाबाई." आणि पिशवीतून थर्मास काढला, झाकणात ओतून घरचं पाणी प्यायले. आमच्या अंगणात, आमच्या खाटेवर बसून. सगळी वस्ती जमली होती. मग काय काय बोलले म्हणे, विहीर, नाला, शिसं. कुणाचं लक्ष होतं? कारखान्याच्या युनियनचा माणूस फाटकाशी उभा होता. तो म्हणाला, "देखा? तीस साल पी के वोट लिया. अब वोट नहीं चाहिए तो पानी भी नहीं चाहिए."

आई दोन दिवस जेवली नाही. मुरलीधरला विचारते, "काहून रे, माह्या हातचं पानी आता बाटलं काय?"

इंदिरा, याचं उत्तर तू दे. मला देता येत नाही.

जया खोब्रागडे-वासनिक


नेपियर टाउन, जबलपूर
९ फेब्रुवारी १९८७

जया,

तू मला 'यांस' लिहिलंस. लिही. मी मात्र जयाच लिहिणार.

थर्मास मी भरून दिला होता. बाबांचा घसा बसला होता म्हणून कोमट पाणी. मला सुचायला हवं होतं की ती वस्तू त्या अंगणात काढायची नसते. बाबांना तर आजही कळत नाही आपलं काय चुकलं. परतताना ते खुशीत होते. "सांगितलं सगळं, स्पष्ट सांगितलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी त्यांच्या गाडीवर चिखल फेकला, तो त्यांनी स्वतः पुसून काढला.

मी त्यांना म्हटलं, एक घोट घेतला असता तर काय झालं असतं? तर संतापले. "ज्या पाण्याले मी विष म्हणतो तेच त्यांच्यासमोर पिऊ? मग त्यांनी काय समजायचं?" जया, यात खोट कुठे आहे ते मला तरी दाखवता येत नाही. गडवा नाकारला तर जात दिसते, आणि घेतला तर पाणी चांगलं ठरतं.

पण गडवा, थर्मास, सगळं बाजूला ठेव. मी त्या रविवारी बरोबर होते. तुझ्या भाचीला, छबीला पाहिलं. तीन वर्षांची पोर पोटावर हात धरून भिंतीला टेकून बसली होती. मुरलीधरची ज्योती म्हणाली, आधी चुरूचुरू बोलायची, आता शब्द विसरते. चेहरा पांढरा. तुझ्या बाबांचा उजवा हातही पाहिला. मनगटातून खाली लोंबतो, पेला धरता येत नाही. काका म्हणतात वय झालं. अहवाल आणणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, हीच लक्षणं.

मे महिन्यात सरकारची चौकशी समिती येणार आहे. बाबांनी अर्ज केला आहे की नाला बंद करा आणि वस्तीला नळ द्या. पण वस्तीतल्या एकाचीही सही त्यावर नाही. तोवर निदान छबीला तरी त्या विहिरीचं पाणी देऊ नका असं ज्योतीला कळव. सडकेवरचा नळ लांब आहे, माहीत आहे मला. तरी कळव.

इंदू


नागपूर
२० फेब्रुवारी १९८७

इंदिरा,

तुझं पत्र वाचलं. फार छान लिहितेस. वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिला नंबर नेहमी तुझाच यायचा.

आता माझं ऐक. आमच्या घरचं पाणी ज्याला नको असतं त्याच्याकडे कारण नेहमीच असतं. कुणाचा उपास असतो, कुणाचा घसा बसलेला असतो, कुणी आत्ताच चहा घेऊन आलेलं असतं. मी नागपुरात शाळेत शिकवते, बी. एड. आहे, तरी स्टाफरूममध्ये माझ्या माठातलं पाणी नको असणाऱ्या बाई अशाच गोड हसून कारण सांगतात. शिसं हे कारण तेवढं मी पहिल्यांदा ऐकलं.

आई तीस वर्षांहून जास्त त्या विहिरीचं पाणी पिते. मी त्याच पाण्यावर वाढले. छबीला जंत झाले असतील, नाहीतर आई म्हणते तशी दृष्ट लागली असेल. बाबांनी उभा जन्म भट्टीपुढे काढला, त्यांचा हात लोंबणार नाही तर काय? कारखाना बंद पडला तर मुरलीधर खाईल काय, याचा अहवाल कुठल्या प्रयोगशाळेतून येतो?

आणि एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या बाबांनी आमच्या घरी पाणी प्यायलं त्याचा फोटो पेपरात आला, तुमच्या दिवाणखान्यात चौकटीत लागला. माझे बाबा तीस वर्षं तुमच्याकडे येतात. ते व्हरांड्याच्या आत किती वेळा आले? त्यांना पाणी कोणत्या पेल्यातून मिळालं? त्याचा फोटो कुणी काढला?

भाऊसाहेबांना आमच्याबद्दल अजून काही वाटत असेल तर त्यांनी सगळ्या वस्तीसमोर आईच्या हातचा गडवा घ्यावा. नाहीतर तीस वर्षं ते फक्त मतं प्यायले असं मी समजेन. हे पत्र त्यांना दाखव.

जया


नेपियर टाउन, जबलपूर
१८ एप्रिल १९८७

प्रिय जया,

तुझं पत्र दाखवलं. बाबांनी ते वाचलं, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. पेल्याचं वाक्य वाचताना थांबले होते. व्हरांड्यातल्या कोनाड्यात एक कान नसलेला कप असायचा. तो मी काढून टाकला. तुला सांगून काही फायदा नाही, पण काढून टाकला.

चौदा तारखेला जयंतीचा मांडव होता. बाबा न बोलावता गेले. मी मागे उभी होते. ते मंचावर चढले, माईक घेतला आणि म्हणाले, "चंपाबाई, गडवा आणा." तुझी आई जागची उठेना. दयारामकाकांनी तिला हाताला धरून आणलं. बाबा म्हणाले, "हे पाणी खराब आहे हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण ते या हातचं आहे, म्हणून मी पितो." गडवा रिकामा केला. परत भरून मागितला आणि तोही रिकामा केला. पहिलं वाक्य कुणी ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. बँड सुरू झाला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तुझी आई रडत होती. बाबाही रडत होते. खूप दिवसांनी त्यांना असे लोक मिळाले होते, जया. मला त्यांचा चेहरा बघवला नाही, आणि बघत राहावंसंही वाटलं.

कारखान्याच्या माणसाने फोटोवाला आणला होता.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. याहून जास्त लिहू नको असं बाबांनी बजावलं आहे, म्हणून थांबते.

इंदू


नागपूर
२९ एप्रिल १९८७

प्रिय इंदू,
जयभीम, आणि माझ्याकडून खूप खूप प्रेम.

इंदू, मी वेडी आहे गं. तुला काय काय लिहिलं! आईचं पत्र आलं, मुरलीधरने चार पानं लिहिली आहेत. आई म्हणते, "माहा भाऊ परत आला." ती गडवा आता फळीवर ठेवत नाही, कारण भाऊसाहेब आठवड्यातून एकदा तरी येतात आणि आल्या आल्या पाणी मागतात. मी ते पत्र शाळेत घेऊन गेले. माझ्या माठातलं पाणी न पिणाऱ्या बाईंना मुद्दाम वाचून दाखवलं.

तू काळजी करतेस ते तुझ्या स्वभावाने. तुझ्या बाबांना कुणीतरी चुकीचा अहवाल दिला असणार. मनात खरंच तसं असतं तर दोन गडवे प्यायले असते का? आणि दर आठवड्याला? एवढा मोठा माणूस, त्याला स्वतःच्या जिवाची भीती नाही का? वस्तीतही सगळे हेच म्हणतात. काही बायका सडकेवरच्या नळावर जायला लागल्या होत्या, त्याही परत विहिरीवर आल्या.

छबी जरा कुरकुरतेच आहे. उलट्या होतात. उन्हाळा तुमच्याकडे भयंकर, म्हणून मी ज्योतीला लिहिलं की पोरीला भरपूर पाणी पाज, आंघोळीचंही गार राहू दे. शाळेला सुटी लागली, पण यांच्या आईचं आजारपण आहे, म्हणून जूनच्या मध्यावर येईन. तेव्हा आपण ग्वारीघाटला नावेत बसू. तू भेडाघाटचा हट्ट करू नकोस, फार चालावं लागतं.

मुलांनी इंदूमावशीला मुका पाठवला आहे.

तुझीच,
जया


नेपियर टाउन, जबलपूर
७ जून १९८७

प्रिय जया,

बाबांनी नाही म्हटलं तरी आज सगळं लिहिते. पत्र संपवल्यावर लगेच ज्योतीला तार कर. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

मे महिन्यात येणारी समिती परवा आली. रिछाईच्या विश्रामगृहात टेबल मांडून बसली. कारखान्याच्या वकिलाने बाबांचा चौदा एप्रिलचा फोटो पुढे ठेवला. तोंडाला गडवा, गळ्यात हार. म्हणाला, "ज्या पाण्याला अर्जदार विष म्हणतात ते पाणी अर्जदार स्वतः दर आठवड्याला पितात. साक्षीदार म्हणून अख्खी वस्ती आणू शकतो." अख्खी वस्ती खरोखरच बाहेर उभी होती. तुझी आईही. तिला वाटलं, भाऊसाहेबांच्या बाजूने साक्ष द्यायला बोलावलं आहे. तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "हो जी, माह्याच हातून पेतात."

बाबा उठून म्हणाले, मी प्यायलो ते वेगळ्या कारणासाठी. अध्यक्षांनी विचारलं, "आप तब झूठ बोल रहे थे या अब?" पंचवीस वर्षं विधानसभा गाजवलेला माणूस, जया, उभा राहिला आणि त्याला एक वाक्य सुचलं नाही. अर्ज फेटाळला गेला. अहवालातल्या बाटल्या कुठल्या विहिरीच्या यावरच शंका घेतली.

मी त्याच दिवशी ज्योतीकडे गेले. छबी आता उभी राहत नाही. तोल जातो. मी ज्योतीला हात जोडले, म्हटलं, मी रोज नेपियर टाउनातून पाणी पाठवते, हिला ते दे. ज्योती गोंधळली. तुझी आई म्हणाली, "इंदूबाई, तुमचे वडील पेतात ना? मग लेकराले काय होते?" मी सांगितलं की त्यांनी विष समजूनच प्यायलं. ती हसली. म्हणाली, "असं कोनी करते का?"

जया, त्यांनी असंच केलं. तू पत्र लिहिलंस म्हणून केलं. मी तुला दोष देत नाही, पत्र दाखवलं मीच. ते त्यांच्या खिशात अजून आहे. दर आठवड्याला जाऊन पितात, कारण आता थांबले तर पुन्हा तेच होईल असं त्यांना वाटतं. पोट दुखतं, हिरड्यांवर काळी रेघ आली आहे, मला दिसते. औषध घेत नाहीत. "त्या पोरीले औषध भेटून राहिलं काय?" म्हणतात.

तार कर. तू लिहिलंस तर ज्योती ऐकेल. आज टपाल निघायच्या आत टाकते.

इंदू


नागपूर
३ जुलै १९८७

इंदू,

काल नागपूरला परत आले. दाराखाली तुझं पत्र पडलेलं होतं. आठ जूनला मुरलीधरची तार आली तशी मी निघाले, त्यानंतर कधीतरी ते आलं असावं. हे मुलांना घेऊन त्यांच्या आईकडे होते, म्हणून कुलपाच्या आत तीन आठवडे पडून होतं.

मी पोचले तेव्हा छबीला मेडिकलच्या इस्पितळात नेलं होतं. झटके येत होते. तिथल्या डॉक्टरांनीही शिसंच सांगितलं. मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली. नाल्यापलीकडे मुरमाड जागा आहे, तिथे पुरलं. तू आली होतीस ते मी पाहिलं. चिंचेखाली उभी होतीस. मी तोंड फिरवलं. का फिरवलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता तुझं पत्र वाचून कळलं. तुझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर मला माझं पत्र आठवलं असतं.

पाणी भरपूर पाज, असं मी लिहिलं होतं. ज्योतीने ते मला तिथे सांगितलं. तक्रार म्हणून नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगतलं तसं दिवसभर पाजत होती मी."

तुझ्या बाबांवर मला राग आहे. खूप आहे. ते आले, सांगितलं, निघून गेले. मग आले, प्यायले, निघून गेले. दोन्ही वेळा पुढे एकटेच. इंदू, माझ्या बाबांना ते एकदा म्हणाले असते, "दयाराम, तू सांग." माझ्या बाबांनी कुणाचा गडवा नाकारला तर त्यात कुणाला जात दिसली नसती. आमच्या माणसाला पुढे करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, तीस वर्षांत एकदाही नाही. आणि माझ्याही आलं नाही. मलाही तो गडवा त्यांच्याच तोंडाला लागलेला बघायचा होता.

मला इतक्यात पत्र पाठवू नकोस. आईकडे मात्र जा.

जया


नेपियर टाउन, जबलपूर
१६ ऑगस्ट १९८७

प्रिय जया,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते. आईकडे जा म्हणालीस, त्याचं काय झालं ते सांगायला हवं.

गेल्या आठवड्यात दयारामकाका आमच्याकडे आले. भर पावसात, सायकल मुरलीधरने चालवली. व्हरांड्यात थांबले. बाबांनी आतून हाक मारली, "दयाराम, आत ये." काका दिवाणखान्यात आले आणि त्या चौकटीतल्या फोटोखाली बसले. मी पाणी दिलं. उजव्या हाताला पेला पेलवेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून प्यायले. मग बाबांना म्हणाले, "भाऊसाहेब, आता तुम्ही काही बोलू नका. फक्त संगं चला."

बाबांना चालवत नाही फारसं. मी सोबत गेले. थर्मास माझ्या पिशवीत होता. बाबांनी त्या रविवारनंतर तो घेतला नव्हता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी घेतला होता.

तुझ्या आईच्या अंगणात गेलो. खाट तीच. बाबा बसले आणि सवयीने त्यांचा हात पुढे झाला. जया, तुझी आई दारात उभी होती. गडवा फळीवर उपडा ठेवलेला मला दिसत होता. ती म्हणाली, "नाही देत. भाऊसाहेब, माह्या घरचं पानी आता तुमाले नाही भेटत." आपल्या लोकांत दारी आलेल्याला असं कुणी म्हणत नाही. बाबांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, ही शिक्षा आहे. मलाही वाटलं. मग ती जवळ आली, त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "घरून आनलं असन तर ते प्या जी. जीव सांभाळा."

मी थर्मास काढला. तेच अंगण, तेच लोक कुंपणाशी. झाकणात पाणी ओतून बाबांना देणार, तोच तुझी आई म्हणाली, "आधी ज्योतीले दे." ज्योती आतल्या दाराशी बसली होती. छबी गेल्यापासून ती विहिरीकडे बघत नाही. मुरलीधर नळावरून आणतो तेवढंच पिते, आणि त्या दिवशी नळ आला नव्हता. तिने झाकण घेतलं. सगळं प्याली. पुन्हा मागितलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना शेवटी घोटभरच उरलं.

मग आम्ही नवा अर्ज घेऊन घरोघर निघालो. दयारामकाका पुढे, बाबा काठी घेऊन मागे. पहिल्या घरी लोकांनी खाट टाकली. सगळं ऐकून घेतलं. छबीचं नाव निघालं तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि सून आतून पाण्याचा पेला घेऊन आली. रीतच आहे, पाहुणा आला की पाणी. बाबांनी पेल्याकडे पाहिलं आणि मग काकांकडे. काकांनी दोन्ही हातांनी पेला घेतला, उंबऱ्याच्या बाहेर ओतला आणि म्हणाले, "मी नाही म्हनतो. मी, दयाराम. माही नात गेली या पान्यानं."

 बाटलं-विटाळलं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तू बरोबर होतीस. एवढं सोपं होतं, जया. जानेवारीतसुद्धा एवढंच सोपं होतं.

त्या घराने अर्जावर सही केली. दुसऱ्याने केली नाही, पोरगा कारखान्यात आहे. तिसऱ्या घरी एक म्हातारी होती, तुझ्या आईच्या ओळखीची, कुसुमबाई. तिचा नातू मांडीवर होता, छबीएवढा. तिने काकांचं सगळं ऐकलं आणि बाबांकडे बोट केलं. "पन दयाराम, हे तर पेले होते ना? म्या माह्या डोयानं पायलं. दोन गडवे पेले."

 तिने नातवाला विहिरीच्या पाण्याचा पेला दिला. पोरगा घटाघटा प्यायला.

बाबा तिथेच चिखलात काठीवर भार देऊन उभे राहिले. दयारामकाका पुढच्या घराची कडी वाजवायला गेले.

तुझी,
इंदू